हार पाहिलेला गड

मुरबाडमध्ये वाढलेल्या माणसाला डोंगरकिल्ल्यांचं अप्रूप नसावं खरं तर. गावाबाहेर पडलं की सह्याद्रीची भिंत समोर उभी असते. सिद्धगड, गोरखगड, मच्छिंद्रगडाचा सुळका, टोकावड्याच्या पुढे नाणेघाटाचा नानाचा अंगठा. पण माझं मन जडलं ते शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या माहुलीवर. लहानपणी वडिलांबरोबर गेले, मग मैत्रिणींबरोबर, आता भाच्यांना घेऊन जाते. सरळगाव, किन्हवली, शहापूर, आसनगाव आणि पुढे माहुली गाव. वय वाढलं तशी पायांची गती कमी झाली, थांबणं वाढलं, आणि थांबल्यामुळे काही गोष्टी हळूहळू उमगत गेल्या. त्या इथे मांडते. तुमच्या गावाजवळच्या गडावर तुम्हाला वेगळं काही सापडलं असेल.

१. माहुली म्हणतात एकाच डोंगराला, पण वर किल्ले तीन आहेत. उत्तरेला पळसगड, मध्ये माहुली आणि दक्षिणेला भंडारगड. आसनगाव स्टेशनवरून पाहिलं तर एक लांबलचक दातेरी रांग दिसते आणि तिच्या टोकाला सुळके. नवरा-नवरी म्हणतात काहींना, एकाला वजीर. कसारा लोकलने रोज जाणारी हजारो माणसं ही रांग खिडकीतून बघत असतात. उंची म्हणाल तर २८१५ फूट, म्हणजे सह्याद्रीत फार मोठी नव्हे. पण पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्या यादीत माहुलीबरोबर भंडारगड आणि पळसखोल (म्हणजे पळसगड) ही नावं वेगवेगळी मोजलेली आहेत. एकाच डोंगरावरचे तीन किल्ले! ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा तह करणाऱ्या मोगल सेनापती जयसिंगाच्या हिशेबीपणाचं मला आश्चर्य वाटलं. नंतर मध्यावरून भंडारगडाकडे जाताना कल्याण दरवाज्याजवळची खिंड पाहिली, खालचा कडा पाहिला, आणि पटलं की हिशेब बरोबर होता. एक भाग पडला म्हणून दुसरा पडेलच, असं इथे नाही.

२. किल्ला आधी वाटेचा असतो आणि नंतर राजाचा. वर उभं राहिलं की हे डोळ्यांनीच कळतं. खाली मुंबई-नाशिक रस्ता, त्याला धरून लोहमार्ग, आणि दोन्ही थळ घाटाकडे, म्हणजे आपल्या कसारा घाटाकडे निघालेले. कल्याण बंदरात उतरलेला माल देशावर न्यायचा तर घाट चढावाच लागे. एक वाट थळ घाटाची, दुसरी आमच्या मुरबाडच्या वैशाखरे गावावरून चढणारी नाणेघाटाची. नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा लेख आहे, नागनिका राणीचा. तिथल्या लेण्यात तिने केलेल्या यज्ञांची आणि दानांची नोंद आहे, आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही आहे. मुरबाड-शहापूरचा हा सगळा मुलूख अशा वाटांचा शेजारी. माहुलीवर १४८५च्या सुमारास निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद आला, त्यालाही वाट हवी होती. पुढे आलेल्या प्रत्येकाला तीच हवी होती. गडावरून ट्रकांची रांग बघताना मला नेहमी वाटतं की राज्यं बदलली, वाटेला मात्र बदलावंसं वाटलं नाही.

३. या गडावर एक राज्य संपलं, आणि दुसऱ्याची चाहूलही कुणाला लागली नव्हती. १६३३ साली दौलताबाद पडलं, हुसेन निजामशहा कैद झाला. शहाजीराजांनी मुर्तझा नावाचं निजामशाही घराण्यातलं एक पोर शोधून संगमनेरजवळच्या पेमगिरीवर गादीवर बसवलं, आणि त्याच्या नावाने तीन वर्षं राज्य तगवून धरलं. एकीकडे शहाजहान स्वतः दक्षिणेत उतरला, दुसरीकडे आदिलशहाने त्याच्याशी तह केला. पाठलागावर खानजमान आणि त्याच्याबरोबर आदिलशाहीचा रणदुल्लाखान. हटत हटत राजे शेवटी माहुलीवर आले आणि १६३६ साली इथेच वेढले गेले. जिजाऊ आणि बाल शिवाजीही तेव्हा गडावर होते, असं इथले लोक मानतात. शिवाजीराजे तेव्हा सहा वर्षांचे. वेढ्याचा शेवट काय झाला? मुर्तझा मोगलांच्या हवाली झाला, त्र्यंबक, हरिश्चंद्रगड, जीवधन असे किल्ले द्यावे लागले, आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. ज्या रणदुल्लाखानाने वेढलं, त्याच्याच बरोबर पुढे कर्नाटकाच्या स्वाऱ्या केल्या.

शाळेत हे सगळं मी चार ओळींत शिकले. गडावर त्या चार ओळी पुरत नाहीत. पावसाळ्यात या कातळांवरून पाण्याचे लोट कोसळतात, धुकं असं उतरतं की हातभर लांबचं दिसत नाही, आणि अशा जागी एका बापाने ठरवायचं असतं की आता थांबायचं. शरण जाणं हा शब्द आपण फार पटकन तुच्छतेने उच्चारतो. मला त्या निर्णयाबद्दल आता आदर वाटतो. त्या तहातून सुटलेली पुण्याची जहागीर, तिथे जिजाऊंनी वाढवलेला मुलगा, हे सगळं पुढचं. माहुलीवर त्या दिवशी कुणाच्याही हातात फक्त हार होती.

४. कागदावर गेलेला गड लढून गेलेल्या गडापेक्षा जास्त टोचत असावा. १६५७च्या ऑक्टोबरात शिवाजीराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि ८ जानेवारी १६५८ला माहुली घेतली. बापाने सोडलेला गड मुलाने बावीस वर्षांत परत आणला. आणि मग सात वर्षांनी, जून १६६५मध्ये, पुरंदरच्या तहात एका यादीत तो पुन्हा गेला. या डोंगरावर त्यासाठी लढाई झाली नाही. खालून कुणीतरी हुकूम घेऊन चढलं असेल, वरच्यांनी सामान बांधलं असेल, किल्ल्या दिल्या असतील. मला ही उतरणीची वाट फार जाणवते. आज आपण ज्या शिडीपाशी दम खातो, तिथल्याच कातळावरून ती माणसं न लढता खाली गेली.

५. फेब्रुवारी १६७०ची रात्र मला या गडानेच सांगितली, आणि मी इथे परत परत येते ती त्या रात्रीसाठी.

त्या वर्षी महाराजांनी तहात गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. ४ फेब्रुवारीला कोंढाणा आला आणि तानाजी मालुसरे पडले. ८ मार्चला पुरंदर आला. ही दोन्ही नावं आपल्याला पाळण्यापासून ठाऊक असतात. या दोघांच्या मध्ये, त्याच फेब्रुवारीत, मराठे माहुलीलाही भिडले होते. रात्री दोरीच्या शिड्या लावून शेकडो मावळे तटावर चढले. वर किल्लेदार मनोहरदास गौड जागा होता. चढलेल्यांतले बहुतेक कापले गेले, उरलेले कड्यावरून ढकलले गेले. या मोहिमेत एकूण हजाराच्या आसपास माणूस गेलं आणि वेढा उठवावा लागला. म्हणजे ज्या महिन्यात कोंढाण्यावर भगवा चढला, त्याच महिन्यात माहुलीच्या पायथ्याशी प्रेतं गोळा केली जात होती.

एकदा मुद्दाम माघ महिन्यात गेले. पावसाळ्यातली गर्दी नव्हती. साग ओका झालेला, वाटेवर वाळक्या पानांचा थर, पाऊल टाकलं की चुरचुर आवाज. भाचा पुढे शंभर पावलांवर होता तरी त्याची चाल मला ऐकू येत होती. तेव्हा अंगावर काटा आला. असल्या जंगलातून, रात्री, आवाज न करता शेकडो माणसं कड्याच्या बुडाशी पोहोचली, इथपर्यंतच केवढी मोठी गोष्ट झाली! दोर वर पोहोचले, माणसं वर पोहोचली, सगळं बरोबर झालं आणि तरी जमलं नाही. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. कोंढाण्याचा पोवाडा होतो आणि माहुलीचा होत नाही, याचं कारण त्यांचा पराक्रम कमी पडला हे नाही. समोरचा झोपला नव्हता, एवढंच.

६. शत्रूकडच्या माणसालाही नाव असतं, हे मनोहरदासामुळे मला कळलं. किल्ल्यांच्या गोष्टींत मोगलांचा किल्लेदार बहुतेक वेळा दारूच्या धुंदीत नाहीतर गाफील सापडतो. हा रजपूत गडी तसा नव्हता. त्याने आपलं काम चोख केलं. आणि पुढची गोष्ट त्याहून विचार करायला लावणारी. हल्ला मोडून काढल्यावरही त्याने ओळखलं की पुरेशी कुमक नसताना हा गड फार दिवस राखता येणार नाही, आणि त्याने किल्लेदारी सोडली. त्याच्या जागी अलिवर्दी बेग आला. १६ जून १६७०ला मोरोपंत पिंगळ्यांनी माहुली घेतली तेव्हा हा अलिवर्दी बेग आपल्या शिबंदीसह कामी आला. जिंकलेला माणूस जिंकल्यावर किती स्पष्ट पाहू शकतो, याचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं आठवत नाही. भाच्यांना गोष्ट सांगताना मी त्याचं नाव गाळत नाही. धाकट्याने एकदा विचारलं, "मावशी, तो आपला की त्यांचा?" मी म्हटलं, त्यांचा. "मग तू त्याला चांगलं का म्हणतेस?" उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला, आणि मी काय बोलले यापेक्षा त्याने तो प्रश्न विचारला याचं मला जास्त बरं वाटलं.

७. वर फारसं काही उरलेलं नाही, आणि ते आधी माहीत असलेलं बरं. रायगडसारखी बाजारपेठ नाही, प्रतापगडसारखा नांदता देव नाही. तटाचे तुकडे, वाड्याची जोती, एका मशिदीचे अवशेष, झाडाखाली महादेवाची पिंड, आणि पडका महादरवाजा. दरवाज्याच्या आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. तिथे टेकून बसले की मला वाटतं, गडावर सगळ्यात जास्त वेळ याच जागेने माणसं पाहिली असतील. सुभेदार येऊन गेले असतील, पहारेकरी रोज इथेच होता.

८. गडावर मी पाण्याकडे आधी पाहायला शिकले. कातळात कोरलेलं टाकं म्हणजे जुन्या माणसांनी पुढच्या वेढ्याची केलेली तजवीज. तट पडला तर माणसं लढतात, टाकं आटलं तर उतरतात. आता याच डोंगरावरून पलीकडे पाहा. तानसाचा जलाशय दिसतो. १८९२ साली ते धरण झालं ते मुंबईसाठी. तानसा, भातसा, वैतरणा, मुंबईच्या नळाला येणारं बरंचसं पाणी या शहापूर तालुक्यातल्या धरणांमधून जातं. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागलेल्या असतात. उन्हाळ्यात किन्हवलीच्या रस्त्याने येताना मी त्या रांगा बघते, तासाभराने गडावरून तो निळा पसारा बघते, आणि मला हे पटत नाही. कधीच पटलेलं नाही. किल्ल्याच्या इतिहासाबद्दल बोलायचं आणि समोर दिसतं त्यावर गप्प बसायचं, हे मला जमत नाही.

९. गड ज्यांच्या दाराशी आहे त्यांना विचारल्याशिवाय चढण्यात अर्थ नाही. आमच्याबरोबर माहुली गावचा एक ठाकूर दादा येतो. तो इतिहास सांगत नाही. "ताई, पाणी इथनंच भरून घ्या, वरच्याचा भरवसा नको," एवढं सांगतो आणि पुढे चालू लागतो. वाटेत मात्र त्याच्या बोलण्याला खंड नसतो. ही करवंदं गोड, ती तुरट. मोहाची फुलं वेचायला पहाटे यायचं. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते, तेव्हा सगळा उतार जांभळा होतो. पूर्वी घरांचे कूड याच कारवीच्या काठ्यांचे, वर शेणामातीचा लेप. त्याच्या आजोबांच्या घरापर्यंत तसेच होते.

एकदा त्याने मला विचारलं, "तुम्ही एवढ्या लांबनं येता, काय बघता ओ?" मी शहाजीराजांची गोष्ट सांगितली, १६७०ची रात्र सांगितली. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "शिड्या लावणाऱ्यांना वाट दावणारा कोण असंल, आमच्यातलाच ना?" पुस्तकं वाचताना हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. या जंगलातली रात्रीची वाट ठाकूर-कातकरी-महादेव कोळ्यांशिवाय कुणाला ठाऊक असणार? आणि ज्याने वाट दाखवली, त्याचं पुढे काय झालं असेल? तेव्हापासून गडाचा इतिहास वाचताना मी वाटाड्याची जागा रिकामी धरून वाचते.

१०. किल्ल्यांची गोष्ट १८१८ला संपत नाही. आमच्या मुरबाड तालुक्यातला सिद्धगड त्याची साक्ष आहे. १९४२च्या चळवळीत माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांनी आझाद दस्ता उभा केला. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे हे लोक पाडत. इंग्रज सरकार मागावर होतं, आणि दस्ता सिद्धगडच्या रानात आसऱ्याला आला. २ जानेवारी १९४३ला पहाटे हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. कोतवालांनी तेव्हा नुकतंच तिसावं वर्ष ओलांडलं होतं. दर वर्षी २ जानेवारीच्या भल्या पहाटे, थंडीत, लोक तिथे जमतात. मीही जाते. गावागावातून आलेली माणसं, शाळेची पोरं, शाल गुंडाळलेल्या म्हाताऱ्या. तिथे कुणी म्हणत नाही की ते हरले. शंभर वर्षंही झाली नाहीत म्हणून असेल, किंवा नावं माहीत आहेत म्हणून असेल. माहुलीच्या त्या हजारांना ही पहाट मिळाली नाही.

११. शेवटी जाण्यायेण्याचं थोडं. आसनगाव स्टेशनपासून माहुली गाव साधारण पाच किलोमीटर, रिक्षा मिळते. डोंगर तानसा अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याच्या चौकीवर नोंद करा आणि त्यांचे नियम पाळा. चढायला अडीच-तीन तास धरा, म्हाताऱ्या पायांना जास्त. माथ्याच्या अलीकडे लोखंडी शिडी आहे, पावसात ती निसरडी असते. भंडारगडाकडची खिंड माहीतगार माणसाशिवाय करू नका. आषाढात पायथ्याच्या धबधब्यावर जी गर्दी लोटते आणि मागे बाटल्या टाकून जाते, तिला मी काय सांगणार? पण तुम्ही जाल तेव्हा आपला कचरा आपण घेऊन या, गावातल्या घरी सांगून तांदळाची भाकरी आणि पिठलं जेवा, आणि वाटाड्याचे पैसे घासाघीस न करता द्या. जमलं तर पावसाळा सोडून माघ-फाल्गुनात जा, म्हणजे पायाखालची पानं ऐकू येतील.

आणि बरोबर मुलं असतील तर त्यांना तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट जरूर सांगा. ती झाली की त्याच महिन्यातली माहुलीचीही सांगा. मुलं ती गोष्ट जास्त शांत बसून ऐकतात, आणि प्रश्न जास्त विचारतात.